चपलेपासून क्लीटपर्यंत : सायकलच्या बुटांचा इतिहास आणि आपला चामड्याचा नियम



दिवाळीत धाकटी सून पुण्याहून सोनपेठला आली, तेव्हा तिच्या बॅगेत बुटांचा एक कोरा खोका होता. फराळाची ताटं उचलून झाल्यावर तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आई, हे बघा. दादानं परदेशातून पाठवलेत, सायकलसाठी. अजून पायात घातले नाहीत. आधी तुम्हाला विचारायचं होतं."

ही आमची सून रोज ऑफिसला सायकलनं जाते. जाऊन येऊन अठरा किलोमीटर होतात. गेल्या वर्षापासून ती लांब पल्ल्याच्या फेऱ्यांनाही जाऊ लागली. पावसाळा संपता संपता तिनं २०० किलोमीटरची पहिली फेरी पूर्ण केली. आम्ही सगळे खूश होतो. पण शेवटच्या पन्नास किलोमीटरला तिच्या पायाची बोटं बधिर झाली आणि पुढं तीन दिवस मुंग्या येत राहिल्या. डॉक्टरांनी पाय तपासले आणि मग बूटही मागवून पाहिले. ते पळायचे मऊ तळव्याचे बूट होते. डॉक्टर म्हणाले, "पळायला हे चांगले, सायकलला नाहीत." म्हणून भावानं ही भेट पाठवली होती.

मी बूट हातात घेतला. हलका, तळवा मात्र लाकडासारखा कडक. जिभेच्या आतल्या बाजूला एक छोटं लेबल होतं, त्यावर तीन चित्रं. वरच्या भागापुढं पसरलेल्या कातड्याचा आकार, अस्तरापुढं जाळी आणि तळव्यापुढं चौकट. अक्षर एकही नाही, पण अर्थ स्पष्ट होता. वरचा भाग चामड्याचा.

"तुमचा नियम मला माहीत आहे," सून म्हणाली. "मी तो घेतलेला नाही. पण या घरात राहून घालू की नको, तुम्हीच सांगा."

मी लगेच उत्तर दिलं नाही. एक तर तिच्या पायाचा प्रश्न होता, आणि पाय दुखतोय तिला, मला नाही. दुसरं म्हणजे चामडं आणि सायकल यांचं माझं स्वतःचं एक जुनं खातं आहे आणि ते काही स्वच्छ नाही. कॉमर्सला होते, त्यामुळं जुनी बाकी पाहिल्याशिवाय नवी नोंद करायची नाही ही सवय आहे. मग मी सायकलच्या बुटांचा इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते. तुमच्याही घरात लेकी-सुना, नातवंडं सायकल चालवत असतील.

माझं जुनं खातं

माझं माहेर परभणीचं. १९७७ साली कॉलेजात गेले तेव्हा वडिलांनी काळी लेडीज सायकल घेऊन दिली. आजीनं लहानपणीच नियम दिला होता, पायात चामडं घालायचं नाही. त्यामुळं कोल्हापुरी चपलेचा प्रश्नच नव्हता. मी रबराची स्लिपर घालून सायकल चालवायची. त्या काळच्या सायकलींना रबरी ठोकळ्यांची पायडलं असत. कोरड्या दिवसांत रबरावर रबर छान बसायचं. पावसात मात्र स्लिपर साबणासारखी निसटायची. एका जुलैत अंगठ्याचा पट्टा निघाला, पाय घसरून रस्त्यावर घासला आणि अंगठ्याचं नख गेलं. तेव्हा वडिलांनी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. साडीवर कॅनव्हासचे बूट! मैत्रिणी वर्षभर हसल्या. पण त्या बुटांनी मला बी.कॉम. होईपर्यंत साथ दिली.

खरी गोष्ट पुढची. एकदा सायकल दुकानातला मिस्त्री घरी सायकल पोचवायला आला आणि ओसरीवरूनच त्यानं विचारलं, "ताई, सीटच्या चामड्याला तेल लावू का? कडक झालंय." आजी तिथंच बसली होती. मी पायात चामडं घालत नव्हते, पण तीन वर्षं रोज चामड्यावर बसून कॉलेजला जात होते. त्या काळात चांगल्या सायकलींची सीट चामड्याचीच असायची आणि हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मला वाटलं, आजी आता सायकलच बंद करते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "कळलं तिथून पुढं." एवढंच. दुसऱ्या दिवशी रेक्झिनची सीट बसवली. मागचं काढून तिनं कधी मला टोचलं नाही.

रबराचा उपकार

मैत्रिणींनो, आपल्या आज्या-पणज्यांना चामड्याशिवायचं पादत्राण म्हणजे लाकडी खडावा, नाहीतर अनवाणी. मुनिमहाराज आजही अनवाणीच विहार करतात. पण श्रावकाला शेतात, बाजारात, कोर्टकचेरीत जावं लागतं. त्याची सोय केली ती रबरानं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक मिसळून रबर तापवलं तर ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे सापडलं. त्यातून रबरी तळव्याचे कापडी बूट आले.

त्याच रबरानं सायकलही चालण्याजोगी केली. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. आजची आपली सायकल म्हणजे तिचीच नात. १८८८ साली डनलप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे कॅनव्हासचा बूट आणि सायकलचा टायर ही एका घरातली भावंडंच म्हणायची. आपल्या मराठवाड्यात तर ती पुन्हा एकत्र आली. जुन्या ट्रकच्या टायरच्या चपला आपण सगळ्यांनीच शेतकऱ्यांच्या पायात पाहिल्या आहेत. बाटा कंपनीनं १९३१ साली भारतात काम सुरू केलं, पुढं कोलकात्याजवळ बाटानगर वसलं आणि कापडी बूट गावोगावच्या शाळांपर्यंत पोचले.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी. चामडं नको म्हणता म्हणता आपल्यातल्या कित्येक घरांनी चामड्याचं काम करणाऱ्या माणसालाही दूर ठेवलं. माझ्या कॅनव्हासच्या बुटांचा तळवा तीनदा शिवून दिला तो बाजारातल्या चर्मकार काकांनीच. त्यांना आमच्या घरी ओसरीच्या खालीच उभं राहावं लागायचं. नियम वस्तूचा होता, माणसाचा नव्हता. हा दोष चामड्यापेक्षा लहान नाही.

शर्यतीचा बूट : तीन ठिकाणी चामडं

आता सायकलच्या खास बुटाकडं येऊ. सायकल नवी होती तेव्हाच युरोपात शर्यती सुरू झाल्या. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे बाराशे किलोमीटरची फेरी पहिल्यांदा झाली. ती आजही दर चार वर्षांनी होते आणि नव्वद तासांत पुरी करावी लागते. आमच्या सुनेनं केली ती २०० किलोमीटरची फेरी याच परंपरेतली. तिला ब्रेव्हे म्हणतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोचला की झालं.

एवढं अंतर तोडताना पाय पायडलवरून सरकू नये, म्हणून पायडलला पुढं लोखंडी आकडा आणि वरून पट्टा बसवू लागले. त्याला टो क्लिप म्हणतात. बुटाच्या तळव्याला खाच असलेली पट्टी ठोकायचे, ती पायडलच्या कडेत अडकायची. ही पट्टी म्हणजे क्लीट. बूट पातळ चामड्याचा, पट्टा चामड्याचा, सीट चामड्याची. तिन्ही ठिकाणी चामडं. थांबायचं असेल तर आधी हातानं पट्टा सैल करायचा, मग पाय मागं ओढायचा. विसरलं की सायकलसकट आडवं!

१९८४ साली फ्रान्सच्या लूक कंपनीनं नवी युक्ती काढली. ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट अडकवण्याचं साधन बनवायची. तीच कल्पना तिनं पायडलला लावली. क्लीट वरून दाबला की खटकन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. १९८५ साली बर्नार्ड हिनो यांनी याच पायडलवर टूर द फ्रान्स जिंकली आणि पट्ट्यांचे दिवस संपत आले. दुकानात 'क्लिपलेस' हा शब्द ऐकला की गोंधळू नका. त्यात पाय अडकतोच, फक्त जुनी टो क्लिप नसते म्हणून ते नाव.

या बुटांची एक अडचण होती. क्लीट तळव्याबाहेर येतो, त्यामुळं चालताना बदकासारखं चालावं लागतं. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीनं एसपीडी ही पद्धत आणली. तिचा क्लीट छोटा, दोन स्क्रूंचा आणि तळव्याच्या खोबणीत दडलेला असतो. या बुटानं चालता येतं, जिना चढता येतो. डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी निघालेली ही सोय रोज ऑफिसला जाणाऱ्यांनाही सोयीची ठरली.

आपल्यासाठी महत्त्वाचा बदल याच काळातला. तळव्याचा कडकपणा आता नायलॉन आणि कार्बनच्या धाग्यांतून येऊ लागला. वरचा भाग जाळीचं कापड आणि कृत्रिम मायक्रोफायबरचा झाला. तो घामानं, पावसानं ताणत नाही, लवकर वाळतो, वजनाला हलका. शर्यतीवाल्यांनी चामडं सोडलं ते अहिंसेसाठी नव्हे, सोयीसाठी. पण आज बाजारातल्या बहुतेक सायकलबुटांत चामडं नसतं, हे खरं. सुनेच्या वाट्याला नेमका उरलेल्यांतला जोड आला होता.

लांब जाणारे आपले लोक

लांबच्या सायकल प्रवासाचं वेड आपल्याकडंही जुनं आहे. १९२३ साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सुमारे ७१ हजार किलोमीटर करून १९२८ साली परतले. वाटेत वाळवंट, डोंगर, जंगल सगळं लागलं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीनं पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनं २०१८ साली, विशीतच, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. मला आमच्या साडीवरच्या कॅनव्हास बुटांची आठवण झाली आणि बरं वाटलं.

मग बूट निवडायचा कसा?

सुनेशी बोलून, वाचून आणि थोडं दुकानात डोकावून मी जे टिपलं ते असं.

पहिलं तत्त्व. पायडलच्या आसावर पायाचा चवडा यायला हवा, बोटं नव्हे आणि मधला खळगाही नव्हे. दाब चवड्यावर येतो. तळवा मऊ असेल तर सगळा दाब पायडलएवढ्या जागेवर साचतो आणि बोटांना मुंग्या येतात. कडक तळवा तोच दाब सगळ्या पावलावर वाटून देतो. सुनेच्या दुखण्याचं कारण एवढंच होतं.

रोजच्या पाच-दहा किलोमीटरसाठी क्लीटची गरजच नाही. सपाट, जरा कडक, न घसरणाऱ्या रबरी तळव्याचा बंद बूट पुरतो. हातानं वाकवून पाहा. बोटांपाशी किंचित वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर नको. चेन उजव्या बाजूला असते, म्हणून उजव्या बुटाची नाडी आत खोचा किंवा चिकटपट्टीचा बूट घ्या. ओढणी आणि पदराची काळजी तर आपण घेतोच.

पन्नास-शंभर किलोमीटरच्या पुढं जाणार असाल तर दोन स्क्रूंचा, खोबणीतल्या क्लीटचा बूट बरा. वाटेत चहाला थांबायचं, पंक्चर काढायचं, मंदिर दिसलं तर दर्शनाला जायचं, म्हणजे चालणं आलंच. तीन स्क्रूंचे शर्यतीचे बूट त्यासाठी नाहीत. आपल्याकडं आणखी एक अडचण आहे, ती काळ्या मातीची. पावसात सोनपेठ ते गंगाखेडच्या रस्त्यावर सायकल बाजूला घेऊन नुसते दोन पावलं चाललात तरी क्लीटच्या खोबणीत चिखल असा बसतो की पाय पायडलला अडकतच नाही. सोबत एक काडी ठेवा. मागच्या वेळी सुनेनं आमच्या अंगणात बसून कडुलिंबाच्या काडीनं क्लीट कोरून काढले.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. लांब फेरीत उन्हानं अजून फुगतं, म्हणून बोटांपुढं थोडी जागा ठेवा. टाच मात्र हलता कामा नये. जे मोजे घालणार तेच घालून बूट घालून पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी वर जाळी हवीच.

क्लीट नवीन असतील तर आधी भिंतीला धरून, उभ्या सायकलवर बसून पाय अडकवायचा आणि सोडवायचा सराव करा. पायडलवरचा ताणाचा स्क्रू सुरुवातीला सैल ठेवा. सून पहिल्याच दिवशी सिग्नलला थांबली आणि पाय सोडायचं विसरून रिक्षेच्या शेजारी आडवी झाली. लागलं नाही, फक्त लाज वाटली, असं तिनं स्वतःच सांगितलं.

आणि हिशेब करताना फक्त बुटाची किंमत धरू नका. क्लीटचा बूट घेतला की तशी पायडलंही घ्यावी लागतात, क्लीट झिजतात आणि अधूनमधून बदलावे लागतात. वर्षाचा खर्च मांडा, मगच ठरवा.

आता आपला भाग. लेबल वाचा. युरोपात विकल्या जाणाऱ्या बुटांवर वरचा भाग, अस्तर आणि तळवा यांच्यापुढं चित्रं असतात. पसरलेलं कातडं म्हणजे चामडं. कातड्याच्या आत छोटी चौकट असेल तर वरून लेप दिलेलं चामडं, ते दिसायला प्लास्टिकसारखं असतं आणि तिथंच फसायला होतं. जाळी म्हणजे कापड. नुसती तिरपी चौकट म्हणजे इतर काही, बहुधा रबर किंवा प्लास्टिक. लेबल नसेल तर दुकानदाराला नेमकं विचारा. 'सुएड' आणि 'नुबक' ही चामड्याचीच नावं आहेत. खेळाच्या काही महागड्या बुटांत कांगारूचं कातडंही वापरतात. 'पीयू', 'रेक्झिन', 'मायक्रोफायबर' हे कृत्रिम. आतली सुटी गादी काढून खालूनही पाहा. आणि माझा अनुभव लक्षात ठेवून सायकलची सीटही बघा!

शेवटी काय झालं

हे सगळं मी सुनेला सांगितलं. आजीची गोष्टही सांगितली, सीटसकट. मग म्हणाले, "नियम माझा आहे. तुझ्या पायावर मी तो लादणार नाही. पण चामड्याशिवाय पाय बरा राहतो का, एवढं बघून ठरव."

तिनं शोधलं, आणि तसाच कडक तळव्याचा, जाळी आणि मायक्रोफायबरचा बूट तिला पुण्यातच मिळाला. भावाला फोन करून खरं ते सांगितलं. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, पुढच्या वेळी आधी विचारीन. आधीचे बूट तिनं आपल्या सायकल गटातल्या एका मैत्रिणीला दिले. तिच्या पायाचं माप तेच होतं. चामड्याची वस्तू दुसऱ्याला दिल्यानं दोष जातो का, याचा निवाडा मी करणार नाही. वापरता येणारी वस्तू कचऱ्यात टाकणं हाही दोषच, एवढं मला वाटतं. शिवाय रबर-प्लास्टिक अगदी निर्दोष आहे असंही नाही. म्हणून घेतलेला जोड पुरता झिजवायचा, तळवा शिवून-चिकटवून वापरायचा, हा आमच्या घरचा दुसरा नियम.

गेल्या महिन्यात तिनं नव्या बुटांनी दुसऱ्यांदा २०० किलोमीटर केले. रात्री तिचा फोन आला. मी आधी विचारलं, "बोटं?"

"दहाच्या दहा जाग्यावर आहेत, आई," ती म्हणाली.

आता ३०० ची तयारी चालू आहे. आणि येत्या थंडीत परभणीहून जिंतूरजवळच्या नेमगिरीला सायकलनं दर्शनाला जायचा तिचा विचार आहे. मी गाडीनं मागून येईन आणि डबा आणीन, असं ठरलं आहे. बूट आम्ही दोघीही पायऱ्यांशीच काढणार.

तुमच्या घरी कुणी सायकल चालवत असेल तर आज संध्याकाळी त्यांचा बूट उलटा करून लेबल पाहा. चामडं निघालं तर ओरडू नका. आजी म्हणाली तसं, कळलं तिथून पुढं.

लिहिताना काही चुकलं असेल तर क्षमा असावी. जय जिनेंद्र.